व्हीपीएन जोडला जातो, पण घरचा कॉम्प्युटर सापडत नाही: माझा अनुभव

घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. इंदूरला ताईकडे गेलो की ओपनव्हीपीएन (दुरून घरच्या नेटवर्कशी जोडणारा व्हीपीएन) ‘कनेक्टेड’ दाखवायचा, पण रिमोट डेस्कटॉप, म्हणजे घरचा कॉम्प्युटर दुरून चालवायची सोय, उघडायचा नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून मात्र तोच लॅपटॉप लगेच जोडायचा. तुमच्याकडेही असंच होत असेल तर पुढे वाचा.

फायरवॉल बंद केली, पोर्ट बदलला, व्हीपीएन काढून पुन्हा टाकला. जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी कारण सापडलं. दोन्ही घरांचे राऊटर १९२.१६८.१ याच मालिकेत होते, म्हणजे पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखेच. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.२० हा पत्ता मागितला की लॅपटॉप तो ताईच्याच वायफायवर शोधायचा. व्हीपीएनकडे काही जायचंच नाही.

हे काम घरी असतानाच करा, दुरून केलंत तर मध्येच जोडणी तुटेल. आधी राऊटरच्या लॅन (घरातलं नेटवर्क) सेटिंगमध्ये १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.८७.१ टाका. (०, १ आणि १०० या मालिका टाळा, बहुतेक राऊटर त्यांवरच येतात.) राऊटर रीस्टार्ट झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करा. मग डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (राऊटरने एखाद्या उपकरणाला ठरावीक पत्ता राखून ठेवायची सोय) कॉम्प्युटरला १९२.१६८.८७.२० कायमचा द्या. त्यानंतर राऊटरमधल्या ओपनव्हीपीएन सर्व्हरमधून कॉन्फिग फाईल नव्याने एक्स्पोर्ट करा, लॅपटॉपमधली जुनी काढून ही टाका. शेवटी रिमोट डेस्कटॉपमध्ये नवा पत्ता लिहा. प्रिंटरला हाताने पत्ता दिला असेल तर तोही बदलावा लागेल.

तपासताना पिंगवर (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते पाहणारी चाचणी) विसंबू नका. विंडोजची फायरवॉल बाहेरच्या मालिकेतून आलेला पिंग अनेकदा अडवते, तरी ३३८९ पोर्टवर रिमोट डेस्कटॉप व्यवस्थित चालतो.