‘फॉरमॅट मारायला लागतंय’ म्हणाले तर: कोल्हापुरात कॉम्प्युटर कमी खर्चात कसा दुरुस्त करून घ्यावा

राजारामपुरीत जा नाहीतर शाहूपुरीत, बिघडलेला कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला की बरेचदा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘फॉरमॅट मारायला लागतंय बघा.’ हल्ली त्याला एक शेपूटही जोडलं जातं, ‘डाटा डार्क वेबवर गेला असंल, अँटिव्हायरस टाकून घ्या.’ फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणं. त्याची गरज कधीकधी खरोखर असते. डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या कोपऱ्यात, काय गेलं ते मात्र कॅबिनेट उघडून कुणालाच कळत नाही. त्यामुळे दुकान गाठण्याआधी थोडं घरीच बघा.

आधी घड्याळ बघा. स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख काही वर्षं मागे गेली आहे आणि बँकेपासून रेल्वेपर्यंत प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतेय? मग व्हायरस शोधत बसू नका, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सुरक्षित साइटकडे ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र असतं. कॉम्प्युटरला २०१५ साल चालू आहे असं वाटत असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. सेल ३ व्होल्टचा असतो, वर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, आणि घड्याळवाल्याकडेही मिळतो. डेस्कटॉपमध्ये तो आपल्यालाच बदलता येतो, लॅपटॉपचा मात्र दुकानातच बदलून घ्यावा. एवढ्यासाठी फॉरमॅट मारून घेतलेली माणसं आहेत, आणि दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागेच.

पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं. दमट हवेने रॅमच्या (तात्पुरत्या मेमरीच्या) पट्टीवरचे सोनेरी संपर्क खराब होतात. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅम काढा. सोनेरी कडा शाळेच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा.

काहीच हालचाल नसेल, तर आधी दुसरी वायर आणि दुसरा प्लग लावून बघा. मग संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर.

२०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पाणी मशीनमध्ये शिरलं असेल, तर ‘चालतंय का’ म्हणून बटण दाबू नका. हार्ड डिस्कही उघडू नका. आतला डाटा बहुतेक वेळा पाण्यापेक्षा या घाईनेच जातो.

नुसता संथ झाला असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घाला. जुन्या मशीनवर करण्यासारखा हाच एक मोठा खर्च, असं माझं मत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जी बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. बिलं, टायपिंग आणि इंटरनेट एवढंच काम असेल, तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टिम फुकट आहे. ‘क्रॅक मारून देतो’, म्हणजे पैसे न भरता चोरीचं सॉफ्टवेअर घालून देतो, याला मात्र हो म्हणू नका. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम अनेकदा अशा क्रॅकसोबत आत येतात.

दुकानात देण्याआधी दारं बंद करा. इंटरनेटचा जो भाग गुगलवर शोधून सापडत नाही, तो म्हणजे डीप वेब. त्यात गूढ काही नाही. तुमची मेल, बँकेचं स्टेटमेंट, डिजिलॉकरमधली कागदपत्रं, मुलीचं कॉलेजचं लॉगिन, सगळं तिथलंच. त्याच्या किल्ल्या तुमच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या असतात, आणि लॉगिन चालू असेल तर समोरच्याला पासवर्डही विचारावा लागत नाही. म्हणून बॅकअप घ्या, साठवलेले पासवर्ड पुसा, सगळीकडून साइन आउट करा. मशीन चालूच होत नसेल, तर मोबाइलवर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्या कॉम्प्युटरला तिथूनच बाहेर काढा.

डार्क वेब हा त्याच न दिसणाऱ्या भागातला छोटासा कोपरा. तिथे जायला टॉरसारखं वेगळं ब्राउझर लागतं, पत्ते ‘डॉट ओनियन’ने संपतात. जाणाऱ्याचा माग लागू नये म्हणून माहिती अनेक कॉम्प्युटरांमधून फिरवली जाते. ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. बीबीसीचीही तिथे साइट आहे. आणि हो, चोरलेले पासवर्डही तिथे विकले जातात. पण ते अनेकदा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून चोरलेले असतात. तुमचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून ते परत येत नाहीत. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला ईमेल टाकून बघा. नाव निघालं, तर त्या साइटचा पासवर्ड बदला आणि तोच जिथे जिथे वापरलाय तिथलाही. गंमत म्हणून टॉर टाकून स्वतः शोधायला जाऊ नका, तिथे फसवणूकच जास्त.

काउंटरवर काय बोलायचं? ‘दादा, आधी बघून काय बिघडलंय आणि किती होतील ते सांगा, मला विचारल्याशिवाय काही बदलू नका.’ नुसत्या तपासणीचे किती, तेही तेव्हाच विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागा, नव्या पार्टचा सिरियल नंबर आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. बिल नको म्हटलं तर थोडे कमी घेतात, पण मग वॉरंटी तोंडीच राहते.

परत घेताना तिथेच चालू करा. एसएसडी सांगितली तेवढ्याच जीबीची आहे का, यूएसबी, आवाज, वायफाय चालतंय का बघा. दुरून मशीन चालवायचं एनीडेस्कसारखं ॲप राहिलं असेल, तर समोरच काढायला लावा. घरी आल्यावर बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदला. पुढे कधी खात्यातून न केलेला व्यवहार दिसला, तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.