ग्रॅव्हल सायकलसाठी सस्पेन्शन फोर्क निवडताना

ग्रॅव्हल सायकलला, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकलला, सस्पेन्शन फोर्क (पुढचे चाक धरणारा आणि धक्क्याने दबणारा दुपाखी भाग) बसवायचे ठरले की बहुतेक जण आधी वजन, किंमत आणि ट्रॅव्हल (फोर्क जास्तीत जास्त किती दबतो ते अंतर) यांची तुलना करू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कोणता फोर्क चालेल हे सर्वांत आधी आपली फ्रेम ठरवते, त्यानंतर आपले नेहमीचे रस्ते, आणि वजनाचा विचार त्यानंतर करावा.

मात्र फोर्ककडे वळण्यापूर्वी पुढचा टायर तपासावा. हातांना बसणारे हादरे पुष्कळदा अरुंद टायर आणि जास्त हवा यांमुळेच असतात. साधारण 70 किलो वजनाच्या स्वाराने 45 मिमी रुंदीचा ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर पुढे 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाच्या आसपास ठेवला, तर उखडलेले डांबर किंवा मुरमाचा रस्ता यांचा बराचसा त्रास तिथेच मिटतो. टायरला जमत नाही ते वेगळेच आहे. घाटातून वेगाने उतरताना एकामागोमाग एक येणारे मोठे दगड, किंवा जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर अखंड उमटलेल्या आडव्या लाटा, अशा ठिकाणी पुढचे चाक जमीन सोडते आणि ब्रेक व वळण या दोहोंवरचा ताबा सुटू लागतो. चाक जमिनीला धरून ठेवणे हेच सस्पेन्शनचे खरे काम आहे. हातांना मिळणारा आराम हा त्याचा जोडफायदा.

आता फ्रेमकडे येऊ. फोर्कचे सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे ॲक्सल-टू-क्राउन, म्हणजेच चाकाच्या ॲक्सलच्या (धुरीच्या) मध्यापासून हेडसेटची (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची) खालची कडी, म्हणजे रेस, फोर्कवर जिथे टेकते तिथपर्यंतची लांबी. हे माप सायकलच्या भूमितीच्या तक्त्यात सहसा दिलेले असते. नसेल तर पुढचे चाक काढून टेपने मोजता येते. साध्या, म्हणजे न दबणाऱ्या, ग्रॅव्हल फोर्कची ही लांबी बहुधा 390 ते 400 मिमी असते, तर रॉकशॉक्सच्या रुडी एक्सपीएलआर या फोर्कची 30 मिमी ट्रॅव्हलला 425 आणि 40 मिमीला 435 मिमी आहे. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण रस्त्यावर तो चांगलाच जाणवतो.

उदाहरणादाखल 395 मिमीचा फोर्क काढून 435 मिमीचा बसवला असे धरू. स्वार बसल्यावर फोर्क 8 मिमी दबला, तरी पुढची बाजू सुमारे 30 मिमी वर उचललेलीच राहते. व्हीलबेस (दोन्ही ॲक्सलमधले अंतर) 1030 मिमी असेल तर हेड अँगल (फोर्क ज्या नळीत फिरतो तिचा जमिनीशी कोन) दीड अंशाहून जास्त कमी होतो, बॉटम ब्रॅकेट (पॅडलची मधली धुरी) सुमारे 12 मिमी वर जातो आणि मध्यम मापाच्या फ्रेमचा रीच (बॉटम ब्रॅकेटपासून त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर) जवळपास 17 मिमीने घटतो. सीटचे नाकही वर होते. सर्वांत मोठा बदल वळण्यात होतो. हेड अँगल 71 अंश आणि फोर्कचा ऑफसेट (ॲक्सल वळण्याच्या अक्षाच्या किती पुढे आहे ते अंतर) 50 मिमी असताना ट्रेल (तो अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) 67 मिमीच्या आसपास असते. नव्या कोनात 45 मिमी ऑफसेटचा फोर्क आला की ती 84 मिमीपर्यंत वाढते. परिणामी चढावर हळू जाताना पुढचे चाक भरकटू लागते आणि अरुंद वळणावर हँडल जड वाटते. उतारावर अशी सायकल स्थिर चालते हे खरे, पण ज्या चपळपणासाठी ती घेतली तोच त्यात निघून जातो.

म्हणून फ्रेम सस्पेन्शन फोर्क गृहीत धरून बनवलेली आहे का, हे उत्पादकाकडून लेखी विचारून घ्यावे. अशा फ्रेमसोबत येणारा साधा फोर्कही मुद्दाम लांब, 420 मिमीच्या आसपासचा असतो, आणि ती खूण तक्त्यात लगेच दिसते. उत्पादकाने कमाल लांबी ठरवून दिली असेल तर ती ओलांडू नये, कारण लांब फोर्कमुळे हेड ट्यूब (फ्रेमची पुढची आखूड नळी) व डाउन ट्यूब (तिथून पॅडलकडे जाणारी तिरपी नळी) यांच्या सांध्यावर येणारा ताण वाढतो आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच.

जोडणीच्या बाबी त्या मानाने सोप्या आहेत, पण एक जरी चुकली तरी फोर्क बसत नाही. ग्रॅव्हलचे सस्पेन्शन फोर्क बहुतांशी टेपर्ड स्टिअररचे (फ्रेममध्ये जाणारी नळी खाली जाड, वर बारीक), 12×100 मिमी ॲक्सलचे आणि फ्लॅट माउंट ब्रेकचे (डिस्क ब्रेक बसवण्याची एक प्रमाणित पद्धत) असतात, त्यामुळे जुने चाक व कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) सहसा कामी येतात. ब्रेकची नळी हेडसेटमधून आत जाणारी सायकल असेल तर मात्र काम वाढते, कारण सस्पेन्शन फोर्कमध्ये ती बाहेरूनच न्यावी लागते. स्वस्तात मिळतो म्हणून माउंटन बाइकचा 100 मिमीचा फोर्क लावण्याचा मोह टाळावा. त्याची लांबी 500 मिमीच्या वर जाते आणि ॲक्सल व ब्रेकची जोडणीही वेगळी असते.

फ्रेम परवानगी देत असेल तर ट्रॅव्हलचा प्रश्न उरतो. फॉक्स 32 टेपर-कास्ट 40 आणि 50 मिमीमध्ये मिळतो, तर रुडी 30 आणि 40 मध्ये. डांबर आणि कच्चा रस्ता निम्मेनिम्मे असणाऱ्यांना 30 किंवा 40 मिमी पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 50 मिमीची गरज ज्याला वारंवार भासते, त्याने हलकी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेण्याचा विचार करावा. लॉकआउट (फोर्कचे दबणे बंद करणारी सोय) मात्र अवश्य असावा, कारण लांब डांबरी चढावर उभे राहून पॅडल मारताना फोर्क खालीवर होत राहिला की वैताग येतो. रुडीचे कंपनीने दिलेले वजन सव्वा किलोच्या जवळ आहे. कार्बनचा साधा फोर्क अर्ध्या किलोच्या आसपास असतो. हा पाऊण किलोचा फरक मान्य आहे का, हे आधीच ठरवावे. फोर्कच्या पायांवर पिशव्या बांधून लांबचा प्रवास करणाऱ्यांनी तिथे स्क्रूची भोके आहेत का तेही पाहावे, कारण बऱ्याच सस्पेन्शन फोर्कमध्ये ती नसतात.

फ्रेम लांब फोर्क स्वीकारत नसेल तरी मार्ग आहेत. आइसलंडच्या लाउफ कंपनीचा ग्रिट हा फोर्क काचतंतूच्या पट्ट्यांवर 30 मिमी लवतो, वजनाने एक किलोच्या आत आहे आणि त्याची लांबी 410 मिमीच्या आसपासच राहते. त्यात तेल नाही, सील नाही, म्हणून चिखलपाण्याच्या दिवसांत त्याची काळजीही नाही. मात्र त्यात डॅम्परही (उसळी आवरणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे सलग मोठ्या धक्क्यांनंतर तो उसळतो, आणि लॉकआउटही मिळत नाही. रेडशिफ्टच्या शॉकस्टॉपसारखा रबरी ठोकळ्यांचा स्टेम (हँडल धरणारा भाग) हातांना आराम देतो, पण चाकाची पकड वाढवत नाही.

फोर्क बसवल्यावर सॅग (स्वाराच्या वजनाने फोर्क दबतो ते अंतर) लावल्याशिवाय त्याची पारख करू नये. शॉक पंपाने कंपनीने सांगितलेली हवा भरावी, लॉकआउट उघडा ठेवावा आणि फोर्कच्या आतल्या दोन्ही कक्षांतील हवा समतोल होण्यासाठी फोर्क काही वेळा खोल दाबावा. मग ओ-रिंग (फोर्कच्या नळीवरचे रबरी कडे) सीलला टेकवून, नेहमीच्या कपड्यांत आणि नेहमीच्या सामानासह भिंतीच्या आधाराने सायकलवर बसावे, हात ब्रेकच्या हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी आवरणावर) ठेवावेत, आणि न हिंदकळता उतरावे. 40 मिमी ट्रॅव्हलमध्ये ओ-रिंग 8 ते 10 मिमी सरकलेली दिसली पाहिजे. कमी सरकली तर थोडी हवा काढावी, जास्त सरकली तर भरावी. त्यानंतर नेहमीच्या खडबडीत उतारावर एक फेरी मारून ओ-रिंग पाहावी. ती शेवटपर्यंत कधीच जात नसेल तर हवा अजून जास्त आहे.

पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला शेवटचा प्रश्न विचारावा, तो म्हणजे सील किट आणि तेल इथे मिळते का, आणि काम कोण करते. रॉकशॉक्स खालच्या पायांची सर्व्हिस दर 50 तासांनी करण्यास सांगते. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात आठवड्याला पाच तास सायकल चालवणाऱ्याचे हे तास अडीच महिन्यांत भरतात. चिखलातून आल्यावर फोर्कच्या नळ्या ओल्या फडक्याने पुसाव्यात, सीलवर जोराच्या पाण्याची धार मारू नये, आणि सीलच्या कडेला मातीमिश्रित तेलाचे वर्तुळ दिसू लागले तर तास मोजत न बसता फोर्क उघडायला द्यावा.