सड्यावरच्या दुर्मीळ वनस्पतींची नोंद कशी करावी

चांदोली राष्ट्रीय उद्यानातले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं, उन्हाळ्यात नुसता काळा कातळ वाटतात. पावसात त्याच जांभ्यावरच्या बोटभर मातीत सगळा संसार उभा राहतो. उद्यान व्याघ्र प्रकल्पात येतं, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे इथलं रोप उपटून घरी आणता येत नाही. ओळख पटवायची ती फोटोवरूनच.

सोबत दहापट भिंग, १५ सेंमीची पट्टी आणि पेन्सिल ठेवा. शाई पावसात पसरते. चालताना पाय उघड्या खडकावरच टाका. भिजलेल्या मातीत एक बूट रुतला की तिथली रोपं गेलीच.

एका वनस्पतीचे निदान पाच फोटो घ्या: आजूबाजूच्या जागेसकट अख्खं रोप, फूल समोरून, फूल बाजूने, पान वरून आणि हलकेच उलटून खालून. एकात तरी पट्टी दिसू द्या. बहुतेकांचा बाजूचा फोटो राहतो आणि घोळ तिथेच होतो. हबे आमरी (जमिनीवर वाढणारं ऑर्किड) किंवा तेरडा यांत फुलामागची शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी पोकळ नळी, किती लांब, सरळ की वळलेली, हे पाहावंच लागतं. समोरून ती दिसतच नाही. वायतुऱ्याचं सोपं आहे, फुलोरा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो, नावही त्यावरूनच पडलं. गेंदाच्या बाबतीत मात्र हट्ट सोडा. त्याच्या जाती ठरवायला बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, म्हणून वहीत ‘गेंद’ एवढंच लिहिणं जास्त प्रामाणिक.

सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती. तिचे किडे पकडणारे फुगे चिखलात, मिलिमीटरभर आकाराचे असतात. ते दाखवायला रोप उपटायचा मोह होतो. उपटलेलं पुन्हा लागत नाही.

तारखेबरोबर जागेचा प्रकारही लिहा: साचलेलं पाणी, वाहती ओल, खडकाची भेग की मातीचा थर. पाणी असेल तर पट्टी बुडवून खोली टिपा. नुसतं ‘सड्यावर’ लिहिलेली नोंद पुढच्या वर्षी तीच जागा शोधताना कामाची नाही.

कंदीलपुष्प दिसलं तर फोटो घेण्याआधी फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. याचे कंद खाण्यासाठी खणले जातात. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) टाकताना जागा ‘अस्पष्ट’ ठेवा, आणि मागे ओळखता येईल असा डोंगर किंवा टॉवर येत असेल तर तो फोटो टाकूच नका.