टूरिंगची बाईक घेताय? मुंबईकरांनो, या चुका टाळा

मेन स्टँडवर लावलेल्या बाईकवर दोन मिनिटं बसायचं, 'एकदम कम्फर्टेबल आहे' म्हणायचं आणि टोकन भरून मोकळं व्हायचं. पहिल्या लांबच्या राइडनंतर तीच बाईक विकायला काढायची. हे इतक्यांदा बघितलंय की कोणी 'बुक केली' म्हणून सांगायला आला की मी आधी विचारतो, चालवलीस किती? उत्तर ठरलेलं: 'सर्व्हिस रोडला एक राउंड मारला ना.' लाखांच्या घरातली वस्तू घेताना एवढी घाई कसली, हे मला खरंच कळत नाही.

मऊ गादी म्हणजे आराम

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. मऊ फोम सुरुवातीला सुखावतो, पण तासाभरात दबतो आणि मग तुम्ही थेट खालच्या प्लास्टिकवर बसलेले असता. लांबच्या प्रवासाला गादी थोडी कडक आणि मागे रुंद हवी. मी गादीवर गुडघा टेकवून अंगाचा भार देतो. गुडघ्याला तळ लागला, तर पुढचं बोलणंच नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने अशीच क्रूझर घेतली. फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे, हँडल मागे ओढलेलं, गादी सोफ्यासारखी. पहिलीच राइड मुलुंड ते चिपळूण. पनवेलपर्यंत पठ्ठ्या खूश होता. वडखळला चहाला थांबलो तेव्हा कंबर धरून उतरला. माणगावला हेल्मेट काढून म्हणाला, "काका, आता बसवत नाही."

कारण साधं आहे. पाय पुढे पसरलेले असले की खड्डा दिसला तरी पेगवर भार देऊन बूड उचलता येत नाही. त्यात क्रूझरच्या मागच्या सस्पेन्शनला हालचाल कमी असते. सगळा दणका माकडहाडावर आणि तिथून मणक्यात. माणगावहून मी त्याला माझी बाईक दिली. तिची गादी त्याच्यापेक्षा कडक, पण पेग अंगाखाली. महाडपर्यंत तो गप्प होता, आणि पोलादपूरला चावी परत द्यायला तयार नव्हता. गुळगुळीत, सरळ रस्त्यावर क्रूझर सुंदर चालते. मुंबईतून कोकणात उतरणारा रस्ता तसा नाही.

म्हणून टेस्ट राइडला हळू वेगात पेगवर उभं राहून बघा. हँडलला लोंबकळल्याशिवाय उभं राहता आलं पाहिजे. बसल्यावर कोपर किंचित वाकलेले हवेत आणि मनगटावर भार नको. एवढं जमत नसेल तर ती बाईक तुमची नाही, मग रंग कितीही आवडलेला असो.

सीसीच्या मागे धावणं

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिथेही बंदीच. मग आपल्या वाट्याला येतं काय? जुना हायवे आणि बोरघाट, कसारा, माळशेज, ताम्हिणी. या रस्त्यांवर टॉप स्पीडचा काडीचा उपयोग नाही. लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला पिकअप आणि वळणात पटकन झुकणारी बाईक. आणि घाट लागण्याआधी सायन-पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत काढलेला वेळ आहेच. तिथे प्रत्येक किलो जाणवतो.

सुझुकीची २५० सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, रॉयल एनफिल्डची क्रूझर सुपर मिटिऑर ६५० ही २४१ किलोची. फरक ७४ किलोचा, म्हणजे एक अख्खा माणूस. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या, पण काम वेगळं. माझं मत विचाराल तर २५० ते ४५० सीसीमध्ये मुंबईकराची हौसही भागते आणि पाठही शाबूत राहते. आराम हवा म्हणून मजा सोडायची गरज नाही. हलकी, सरळ बसायची बाईक दोन्ही देते.

पोझिशन चुकली म्हणून रायझर

हँडल लांब वाटतंय, लावा रायझर, म्हणजे हँडल उंच करणारा तुकडा. केबलकडे कोण बघतो? रायझर बसवला की इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढला तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. घाटातल्या यू-वळणावर बाईकने आपोआप रेस घेतली तर काय होईल, याचा विचार करा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असला तरी क्लच केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते बघाच.

बाईक खाली आणायला मागच्या सस्पेन्शनला लावतात त्या लोअरिंग लिंकचंही तेच. बाईक खाली येते, ग्राउंड क्लिअरन्स जातो, साइड स्टँड लांब पडून बाईक न कलता सरळ उभी राहते आणि धक्क्याने पलीकडे आडवी होते. दोन्ही पंजे टेकले तरी पुरे, टाच टेकायलाच हवी असं नाही. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची गादी ८२५ किंवा ८४५ मिलिमीटरवर लावता येते. अशी कंपनीने दिलेली सोय आधी वापरा.

प्रीलोड कंपनीतून आला तसाच

प्रीलोड म्हणजे सस्पेन्शनची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते. मागे बायको, दोन बॅगा, आणि तक्रार 'सस्पेन्शन बेकार आहे'. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातोय, हँडल हलकं लागतंय, वळणात बाईक बाहेर ओढतेय, ही सगळी मागचा भाग बसल्याची लक्षणं. टूलकिटमधला सी-स्पॅनर काढा, मागचा प्रीलोड एक-दोन खाचा वाढवा, गार टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा भरा. पाच मिनिटांचं काम आहे.

बाकीचं थोडक्यात. जड सामान टॉप बॉक्समध्ये नको, सॅडल बॅगमध्ये खाली ठेवा. बाईकची पुढची काच उंच म्हणजे वारा कमी असं नाही. वारा थेट हेल्मेटवर आदळायला लागला तर उलट डोकं दुखतं. ट्यूबवाले स्पोक व्हील असतील तर ट्यूब बदलायला शिकून घ्या, नाहीतर ट्यूबलेस घ्या. कशेडीजवळ रात्री पंक्चरवाला शोधण्यात मजा नाही.

शोरूमवाला लांबची टेस्ट राइड देत नसेल तर तेच मॉडेल शनिवार-रविवार भाड्याने घ्या आणि माळशेज करून या. दोघं फिरणार असाल तर मागे बसणाऱ्या माणसालाही सोबत न्या, आणि टोकन त्यांना विचारून भरा.