नाशिकमध्ये मोबाइल कंपनी कशी निवडावी: आधी रेंज, मग वेग, शेवटी दर

रिचार्ज महागले की कंपनी बदलण्याचा विचार सुरू होतो आणि शोधाची सुरुवात दरपत्रकापासून होते. हा क्रम उलटा आहे. प्रथम आपला फोन आठवडाभर कुठे कुठे असतो याची यादी करावी, कारण गंगापूर रोडवर राहून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याची गरज वेगळी आणि दर शनिवारी पेठ किंवा सुरगाण्याकडे गावी जाणाऱ्याची वेगळी असते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमांनुसार कंपन्यांना संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. यादीतली ठिकाणे त्यावर पाहावीत, पण आतल्या खोलीत काय होईल हे नकाशावरून कळत नाही. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात, तर फाइव्हजीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी लवकर क्षीण होतात. म्हणून खिडकीत दिसणारे फाइव्हजी स्वयंपाकघरात गेल्यावर नाहीसे होते. घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंगने ही अडचण बरीचशी सुटते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम महिनाभर वापरून पाहणे. एका पॅकचा खर्च होतो, पण नंतरचा मनस्ताप वाचतो. वेगाची चाचणी सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करावी, कारण टॉवरची क्षमता त्या वेळी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. पर्वणीला रामकुंडावर पूर्ण रेंज दिसूनही फोन का लागत नाही, याचे उत्तर यातच आहे. व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी अपलोडचा आकडाही पाहावा. चाचणीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, त्यामुळे मेगाबाइटचा हिशेब करताना त्याला ८ ने भागावे.

आता दर. २८ दिवसांच्या पॅकची वर्षाला १३ रिचार्जे होतात, १२ नव्हे. म्हणून पॅकची किंमत दिवसांनी भागून ३६५ ने गुणावी आणि मगच तुलना करावी. आईवडिलांच्या साध्या फोनसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही मिळतात. ट्रायने ते ठेवणे बंधनकारक केले आहे.

कंपनी बदलायचे ठरल्यावर एसएमएस पाठवावा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT हा शब्द, मध्ये जागा सोडून आपला क्रमांक, आणि संदेश १९०० वर. उत्तरात येणारा, नव्या कंपनीला द्यायचा कोड ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचे थकलेले बिल भरलेले असावे आणि गेल्या ७ दिवसांत सिम बदलून घेतलेले नसावे. महाराष्ट्र परिमंडळात ३ कामकाजाचे दिवस लागतात. मुंबईचे परिमंडळ वेगळे असल्याने तिथला क्रमांक इकडे आणायला ५. जुनी शिल्लक नव्या कंपनीत येत नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच अर्ज करावा आणि जुन्या सिमची सेवा बंद होईपर्यंत ते फोनमधून काढू नये.