गावाच्या पर्यटनाचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

"सर, आमच्याकडं बघण्यासारखं लय हाय!"

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात पर्यटनाचा विषय काढला की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. मग चहा येतो आणि यादी सुरू होते. एक गड, एक हेमाडपंती देऊळ, पावसाळ्यात पडणारा धबधबा, पक्षी उतरतात असा पाझर तलाव, कुणाच्या तरी मळ्यातला हुरडा. यादीचा अहवाल होतो, त्याला रंगीत फोटो लागतात आणि प्रस्ताव तालुक्याला जातो. दोन पावसाळे गेले की वेशीवर उरते ती 'पर्यटनस्थळाकडे' असं लिहिलेली गंजकी पाटी आणि तिच्यावरचा बाण.

असे दोन अहवाल मी स्वतः लिहिलेत, त्यामुळे इथं कुणाला शहाणपण शिकवत नाही. कुठं आपटलो तेवढं सांगतो.

पर्यायी पर्यटन म्हणजे साधं आहे: हिलस्टेशनची गर्दी नको असलेला पाहुणा थोड्या संख्येनं गावात येतो, राहतो, खातो, आणि त्याचा पैसा गावातच जिरतो. पाहुणे थोडे म्हणून हिशेबही थोडा, असं वाटतं खरं. पण दहा पाहुण्यांवर चालणाऱ्या धंद्यात दोन जरी कमी आले तरी महिना बुडतो.

यादीलाच शक्यता समजणं

लिंबची बारा मोटेची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या काळातली, आत राजवाड्यासारखं दालन, साताऱ्यापासून जवळ, पुणे-बंगळूर हायवेपासूनही फार आत नाही. बघण्यासारखं आहे का? शंभर टक्के. पण माणूस पाऊण तासात बघून मोकळा होतो आणि जेवायला पुन्हा हायवेला लागतो. स्थळ उत्तम असणं वेगळं आणि गावात त्यावर चार घरं चालणं वेगळं.

म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढं चार रकाने काढा: वर्षातले किती दिवस बघता येतं, बघायला किती वेळ लागतो, शेवटचे दोन किलोमीटर कसे आहेत आणि जागा कुणाच्या मालकीची. पाटण तालुक्यातल्या एका गावात आमच्या यादीत तेवीस नावं होती. रकाने भरल्यावर चार उरली. ग्रामसभेत चेहरे पडले, पण त्या चारांवर काम तरी करता आलं.

वासोट्याचंही तेच. बामणोलीहून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, पुढं जंगलातून चढायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. गडावर मुक्काम नाही, पावसाळ्यात गड बंद. पहाटे आलेला ट्रेकर रात्री पुण्यात असतो. बामणोलीच्या घरात त्याचा मुक्काम धरून गणित मांडाल तर फसाल. नाश्ता, डबा आणि लाँचचं भाडं धरलंत तर गणित बसेल.

यादीत जी गोष्ट आता तशी उरलेलीच नाही ती घालणं, ही आणखी एक खोड. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जगाला माहीत आहे, पण जिवंत नागांची मिरवणूक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. तरी आजही कुणीतरी 'नागांचे खेळ' असं लिहितोच. गावाची श्रद्धा आणि तिच्यामागचा इतिहास सांगणारा कार्यक्रम वेगळा आखावा लागेल. जुन्या फोटोंवर नवा प्रस्ताव उभा राहत नाही.

दुसऱ्या गावाची नक्कल

भिलार 2017 साली पुस्तकांचं गाव झालं आणि पुढची दोन-तीन वर्षं मला जो भेटेल तो 'आपण पण कशाचं तरी गाव करू' म्हणत होता. मधाचं, रांगोळीचं, कवितेचं. भिलार पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधोमध आहे, स्ट्रॉबेरीच्या हंगामात तिथला रस्ता आधीपासून भरलेला असतो. पुस्तकांनी वाहता ओढा थोडा आपल्या दारात वळवला. जिथं ओढाच नाही तिथं पाट काढून काय वळवणार? आधी आपल्या फाट्यावरून शनिवारी बाहेरगावच्या किती गाड्या जातात ते वही घेऊन मोजा. माणूस बसवा, सकाळी सात ते संध्याकाळी सात. मात्र जत्रेच्या दिवशी मोजू नका. जत्रेला आलेले लाखभर भाविक हे तुमचे गिऱ्हाईक नव्हेत, ते देवाचे.

शनिवार मोजून वर्षभराचा आकडा काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात 'खोल्या साठ टक्के भरतील' असं सर्रास लिहिलं जातं. साठ टक्के म्हणजे वर्षातल्या 219 रात्री. आता बोटांवर मोजा. मध्य जून ते सप्टेंबरअखेर साधारण पंधरा शनिवार. थंडीतले दहा. दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ धरून आणखी पाच-सात रात्री. झाल्या तीस-बत्तीस. आडवाटेच्या गावातल्या नव्या घराला पहिल्या वर्षी एवढ्या मिळाल्या तरी नशीब म्हणायचं. कर्जाचा हप्ता मात्र 219 रात्रींवर ठरलेला असतो.

कास पठाराचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 पासून जागतिक वारसा, नाव देशभर. पण फुलांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच. रोज 3000 जणांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, ही शिस्त बसवायला आजूबाजूच्या गावांच्या समित्यांना घाम गाळावा लागला. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. 'कारवीच्या वर्षी' मोजलेली गर्दी दरवर्षीची धरून कुणी खोल्या बांधल्या असतील, तर पुढची सहा वर्षं त्यानं काय करायचं? जानेवारीत कासच्या सड्यावर जाऊन बघा. जांभ्या दगडावर वाळकं गवत आणि वारा. मला तो आवडतो, पण त्यासाठी पुण्याहून गाडी काढणारे फार नाहीत.

यावर उपाय एकच: मंगळवारचं गिऱ्हाईक शोधा. शाळांच्या सहली, निवृत्त मंडळी, पक्षी बघणारे, कॉलेजचे प्रकल्प. त्यांना शनिवार लागत नाही. तुमच्या गावात मंगळवारी कोण येऊ शकतं, या प्रश्नाला उत्तर नसेल तर शक्यता 'कमी' असं स्वच्छ लिहा.

जावळी-पाटणकडं आणखी एक गोम आहे. अहवालात लिहिलं जातं, 'गावात चाळीस घरं रिकामी, होम-स्टेला उपयुक्त.' रिकामी नाहीत हो, कुलपं लावलेली आहेत. मालक मुंबईला. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर चार भावांची नावं, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मे महिन्यात आणि यात्रेला सगळे मुंबईकर येतात, तेव्हा पडवीतही पाय ठेवायला जागा नसते. आमच्या त्या चाळीस घरांतली खरी मिळण्यासारखी तीन निघाली.

पाण्याचा हिशेब पावसाळ्यात करणं

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तरी पाहणी दोन्हीकडं सप्टेंबरातच होते, कारण तेव्हा फोटो हिरवे येतात.

माणमधल्या एका वाडीत मी एप्रिलात गेलो होतो. दारापुढं निळी बॅरलं ओळीनं, प्रत्येकावर ऑइलपेंटनं घरमालकाचं नाव, झाकणावर दगड. टँकरची वाट बघत होती. एका आक्कांना विचारलं, "घरी पाहुणे ठेवाल का?"

"पावना आला तर नगं कोन म्हनंल?" त्या म्हणाल्या. "पर त्यो न्हानीत गेला की लवकर निघतोय व्हय?"

माझ्या छापील प्रश्नावलीत पाण्याविषयी एकच ओळ होती: 'नळजोडणी आहे / नाही'. नळ होता. आक्कांनी तो बोटानं दाखवलाही. त्याच्या तोंडाला कोळ्याचं जाळं होतं.

हिशेब असा करा. जलजीवन मिशनचं गावासाठीचं माप माणशी रोज 55 लिटर, शहरासाठी सरकारी माप 135. वीस शहरी पाहुणे म्हणजे 2700 लिटर. पाच माणसांच्या घराला 275. वीस पाहुणे ठेवले की गावात एका दिवसात जवळजवळ दहा घरं वाढली. ती दहा घरं मेमध्ये पोसता येतील का, हे आधी ठरवा. येत नसतील तर फेब्रुवारी ते जून बंद ठेवायचं, असं अहवालातच लिहा. थंडीतला हुरडा, शिखर शिंगणापूर, औंधचं संग्रहालय, एवढ्यावर माणदेशात तीन महिन्यांचं चांगलं काम होऊ शकतं. बाराही महिने करायची हाव नको.

शेतकऱ्याला सवड आहे असं धरून चालणं

पाहुण्याला जे बघायचं असतं, ते नेमकं घरच्यांना मान वर करायला फुरसत नसते तेव्हा चालू असतं. धबधब्यांची गर्दी जुलैची, आणि भाताची लावणही जुलैची. बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या. संध्याकाळी बारा जणांच्या भाकऱ्या कोण थापणार? 'लावणीचा अनुभव' द्यायचा तर पाहुण्यांनी लावलेली ओळ दुसऱ्या दिवशी उपटून पुन्हा लावावी लागते. हसू नका, ती मजुरी खर्चात धरा.

तासगावकडं एका बागायतदार मित्रानं फेब्रुवारीत 'द्राक्षबाग सहल' ठेवली. तोडणी ऐन रंगात, व्यापारी फोनवर, आणि बागेत पंधरा पोरं घड हातात घेऊन फोटो काढतायत. मण्यावरची पांढुरकी झाक बोटानं पुसली की त्या घडाचा भाव उतरतो. मित्राचं तोंड मला आजही आठवतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बोलवावं तर फवारण्या चालू, तेव्हा बागेत पोरांना सोडणंच चूक. शेवटी त्यानं बाग सोडली आणि मार्चमध्ये बेदाण्याचं शेड दाखवायला सुरुवात केली. रॅकवर पंधरवडाभर वाळणारा माल, द्रावणात बुडवणं, प्रतवारी, चव घेणं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, सांगायला गोष्ट आहे, माणूस जाताना दोन किलो घेऊनच जातो. कुणाच्या हातातलं कामही अडत नाही.

म्हणून सातबारावरच्या पिकांआधी घरातल्या कामाची दिनदर्शिका लिहून घ्या, बारा महिन्यांची. आणि ती पुरुषांकडून नको.

चावडीवर विचारून घरी जाणं

'पर्यटक आले तर आवडेल का?' या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. प्रश्नच वाया. त्याऐवजी विचारा: रात्री अकराला गाडी आली तर दार कोण उघडणार? संडास कोण धुणार? पाहुण्यानं दारूची बाटली काढली तर सांगणार कोण? चावडीवर यावर शांतता पसरते. चुलीपाशी उत्तरं मिळतात, आणि ती बहुतेक वेळा 'मीच की' अशी असतात. जिच्यावर काम पडणार, पैसे तिच्या खात्यावर येणार का, हेही तिथंच विचारा.

जंगलालगतच्या गावांत आणखी एक प्रश्न घाला: पाहुण्याला दाखवायचा प्राणी तुमच्या रानात काय नुकसान करतो? सागरेश्वर अभयारण्यातली हरणं पाहुण्याच्या मोबाइलमध्ये छान दिसतात. शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांच्यापायी रात्र जागून काढलेली असते. त्याला या पर्यटनातून काही मिळणार नसेल तर तो पहिल्या दिवसापासून विरोधात असणार, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

धारणक्षमता अंदाजपंचे लिहिणं

धारणक्षमता म्हणजे त्या जागेला दिवसात झेपतील एवढी माणसं. 'दररोज 500 पर्यटक शक्य' असा गोल आकडा दिसला की समजा, कुणी मोजलेलं नाही. धबधब्यासमोर उभं राहायची जागा 200 चौरस मीटर आहे आणि माणशी चार चौरस मीटर लागतात असं समजू: एका वेळी पन्नास. आठ तास, प्रत्येकाला एक तास, म्हणजे दिवसाला 400. हा झाला कागदावरचा आकडा. पावसात-धुक्यात निम्मा वेळ कठड्याजवळ जाऊ देता येत नाही: 200. सांभाळायला चार माणसं हवीत, गावाकडं दोनच आहेत: 100. तोच खरा. तो वाढवायचा असेल तर आधी माणसं वाढवा, पार्किंग नंतर.

कायदा शेवटी बघणं

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 पासून आहे, महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. तुमच्या जमिनीचा गट कशात येतो हे वनखात्याकडून आणि तहसील कार्यालयातून लेखी घ्या, मगच आराखड्याला हात लावा. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेती आणि पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते. जेवण देणार तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. कंटाळवाणं आहे, पण नोटीस आल्यावर त्याहून कंटाळवाणं होतं.

अंदाज आधीच चुकला असेल तर

गर्दी आहे पण गावात पैसा नाही, तर बहुधा लोक डबा बांधून येतायत आणि तुमच्याकडं विकायला फक्त भजी आहेत; मुक्काम वाढवण्याआधी विकायच्या वस्तू वाढवा. खोल्या रिकाम्या राहत असतील तर दर पाडू नका, आठवड्यातले चार दिवस बंद ठेवून खर्च वाचवा. गावात दोन तट पडले असतील तर पाहुणे पाळीपाळीनं वाटायची वही सरपंचाकडं न ठेवता बचत गटाकडं ठेवा. यातलं काहीच लागू पडत नसेल तर एक अहवाल पुन्हा लिहा, पण आधी तालीम करा: ओळखीच्या आठ जणांना, त्यांच्याकडून पूर्ण पैसे घेऊन, एका शनिवार-रविवारी ठेवा आणि काय काय मोडतं ते लिहून काढा.

आमच्या तालमीत जेवणाला सगळ्यांनी दाद दिली, संडासही टिकला. रविवारी निघताना मोबाइलवरून पैसे पाठवायची वेळ आली आणि रेंज नाही. आठही जण बॅगा पाठीला लावून दीड किलोमीटर चढून खिंडीपर्यंत गेले, मागोमाग घरच्या वहिनी, पैसे आल्याचा मेसेज बघायला. आमच्या अहवालात नेटवर्कच्या रकान्यात 'उपलब्ध' असं लिहिलेलं होतं. ते लिहिलं तेव्हा मी त्याच खिंडीत उभा होतो.