गावातल्या मृत्यूंचा हिशेब कसा ठेवावा

मी गावात आशा सेविका म्हणून आरोग्याचं काम करते, 9 वर्षं झाली. नुसत्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीवर विसंबू नका. 21 दिवसांत नोंद करायची असते, तरी माहेरी बाळंतीण झालेल्या पोरीचं तासाभराचं बाळ कुठेच लिहिलं जात नाही. असं बाळ जिवंत जन्मलं होतं का, हे सुईणीला विचारा. रडलं होतं, तर जन्म आणि मृत्यू दोन्ही लिहा.

कारण विचारायला तेराव्यानंतर जा. ‘कशाने गेले?’ म्हटलं की ‘हार्ट बंद पडलं’ हेच ऐकू येतं. अहो, हार्ट तर सगळ्यांचंच बंद पडतं! त्यापेक्षा शेवटचे 15 दिवस विचारा: ताप, खोकला, सूज, दवाखान्याचे कागद. परवा एका सुनेने फडताळातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. टीबीच्या गोळ्या, अर्ध्यावर सोडलेल्या. विष घेतलं असेल तर घरचे बोलत नाहीत. खोदू नका.

दर काढणं सोपं: वर्षाचे मृत्यू भागिले लोकसंख्या गुणिले 1000. आमची 1400 माणसं, 11 मृत्यू, म्हणजे 7.9. पण लहान गावात दोन म्हातारी जास्त गेली की आकडा उडी मारतो, म्हणून तीन वर्षांची सरासरी घ्या. बालमृत्यू दर, म्हणजे वर्षाच्या आत गेलेल्या बाळांचा, मात्र लोकसंख्येवर नाही, जिवंत जन्मांवर काढतात. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्य संस्थेने 1988 मध्ये घरोघरी मोजलं, तेव्हा तो हजारी 121 निघाला होता.